काचेच्या नळीतला पारा



तुमच्या घराच्या माळ्यावर किंवा शाळेच्या कपाटात वेटोळ्या नळीचा एखादा पांढरा दिवा पडलेला असेल. त्याला सीएफएल म्हणतात. २००९ साली केंद्र सरकारने 'बचत लॅम्प योजना' सुरू केली. तीत हा दिवा साध्या बल्बच्या किमतीत, म्हणजे पंधरा रुपयांना मिळे. पुढे २०१५ पासून एलईडी दिव्यांचा प्रसार झाला आणि सीएफएल मागे पडला. पण जुने सीएफएल आणि लांब ट्यूबलाइट अजून पुष्कळ ठिकाणी आहेत.

साध्या बल्बमध्ये टंगस्टनची तार तापून लाल-पिवळी होते. त्यात बरीचशी वीज उष्णतेतच जाते. सीएफएलची रीत निराळी. त्याच्या नळीत आरगॉन वायू आणि किंचित पारा असतो. नळीच्या टोकांना टंगस्टनच्या बारीक तारा असतात. वीज सुरू झाली की पाऱ्याच्या वाफेतून अतिनील किरण निघतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. नळीच्या आतून पांढऱ्या भुकटीचा लेप असतो, तो हे किरण शोषून घेतो आणि आपल्याला दिसणारा प्रकाश देतो. या भुकटीत यिट्रियम, युरोपियम, टर्बियम अशी दुर्मिळ मूलद्रव्ये असतात. खालच्या प्लास्टिकच्या डबीत इलेक्ट्रॉनिक चोक बसवलेला असतो. साठ वॅटच्या बल्बइतका उजेड हा दिवा चौदा-पंधरा वॅटमध्ये देतो.

'पारा' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूतही तो पाराच. शायर त्याला सीमाब म्हणतात, म्हणजे चांदीचे पाणी. नाव मोठे सुंदर आहे, पण त्याची वाफ छातीत गेली तर मेंदू आणि मूत्रपिंडे यांना अपाय होतो. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना धोका अधिक. एका सीएफएलमध्ये साधारण तीन ते पाच मिलिग्रॅम पारा असतो. ताप मोजण्याच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये याच्या सुमारे शंभरपट असतो. तेव्हा एक दिवा फुटला म्हणून घाबरून जाऊ नये. मात्र निष्काळजीही राहू नये.

आता गडचिरोली जिल्ह्याकडे पाहू. एटापल्ली तालुक्यात सूरजागड हा लोहखनिजाचा डोंगर आहे. भोवतालच्या रानात माडिया गोंडांची गावे आहेत. जंगलातल्या गावांना सौर कंदील मोठा आधार असतो, आणि पूर्वीच्या सौर कंदिलांत बहुधा सात वॅटचा सीएफएलच असे. रॉकेलच्या चिमणीचा धूर आणि आगीची भीती गेली, हा लाभ थोडा नव्हे. पण शहरात घंटागाडी येते, तशी ती रानातल्या पाड्यावर येत नाही. मग बंद पडलेला दिवा जातो कुठे? उकिरड्यावर किंवा नाल्यात.

नाल्याचे पाणी नदीला मिळते. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांचा संगम आहे. नदीकाठच्या लोकांच्या जेवणात मासे असतात. पाण्यातले जिवाणू पाऱ्याचे मिथिल-पाऱ्यात रूपांतर करतात आणि तो माशांच्या अंगात साठत जातो. जपानमधील मिनामाता येथे एका कारखान्याने असा पारा समुद्रात सोडला. तेथील मासे खाऊन असंख्य लोक अपंग झाले. हा रोग १९५६ साली उघडकीस आला. दिव्यांतला पारा त्या मानाने अगदी थोडा. पण फेकलेले दिवे हजारोंनी असले तर हिशेब बदलतो.

दिवा फुटला तर प्रथम पंखा बंद करा, दारे-खिडक्या उघडा आणि दहा मिनिटे सर्वांनी बाहेर थांबा. केरसुणी मुळीच वापरू नका; तिने भुकटी आणि पारा घरभर पसरतो. जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने टिपून घ्या आणि मग ओल्या फडक्याने जागा पुसा. जमीन सारवलेली असेल तर फडक्याचा उपयोग होत नाही. तेथील वरची थोडी माती पुठ्ठ्यानेच उचलावी. हे सारे, फडक्यासकट, झाकणाच्या बरणीत बंद करून घराबाहेर ठेवा आणि हात धुवा. असा कचरा चुलीत किंवा शेकोटीत कधीही टाकू नये, कारण उष्णतेने पाऱ्याची वाफ होते. न फुटलेला जुना दिवा काढताना बटण बंद करून तो थंड होऊ द्या. नळी पिरगाळू नका, प्लास्टिकची डबी धरा. २०१६ च्या नियमांपासून असे दिवे ई-कचऱ्यात मोडतात. ते ई-कचरा संकलन केंद्रावरच द्यावेत. केंद्र दूर असेल तर गावाने खोक्यात दिवे जमवून तालुक्याला जाणाऱ्या गाडीने पाठवणे शक्य आहे, आणि हे काम शाळा उत्तम करू शकते.

शब्दार्थ
चिमणी – रॉकेलचा छोटा दिवा, ढिबरी
उकिरडा – कचरा टाकण्याची जागा, घूरा
केरसुणी – झाडू
सारवणे – शेणमातीने जमीन लिंपणे
अपाय – नुकसान

स्वाध्याय
१. सीएफएलमध्ये प्रकाश कसा तयार होतो, ते चार वाक्यांत लिहा.
२. फुटलेला दिवा केरसुणीने का झाडू नये?
३. तुमच्या घरात व शाळेत पारा असलेले किती दिवे आहेत, ते मोजून वर्गात सांगा.