बीपी कमी दिसलं, की आधी सलाइन?

जन्मल्यावर न रडलेल्या बाळाचं बीपी कमी दिसलं, की हात आधी सलाइनच्या बाटलीकडे जातो. नवजात अतिदक्षता विभागात नर्स म्हणून काम करताना हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय, आणि त्याचे परिणामही.

एक बाळ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पूर्ण दिवसांचं, पण प्रसूती लांबलेली. आधीच्या दवाखान्यात बीपी वर येईना म्हणून लागोपाठ सलाइन दिलेलं. आमच्याकडे आलं तेव्हा पापण्या सुजलेल्या, दर श्वासाला कण्हणं, बरगड्यांखाली वाढलेलं यकृत हाताला लागत होतं. बीपी मात्र होतं तिथंच. डॉक्टरांनी इको केला. हृदय भरलेलं होतं, पण त्याचं आकुंचन अगदीच कमी. सलाइन थांबवलं, डोब्युटामिन सुरू झालं, आणि काही तासांनी लघवी झाली. बाळ वाचलं. छातीत पाणी भरल्यामुळे व्हेंटिलेटरवर मात्र जास्त राहावं लागलं, आणि ते टळण्यासारखं होतं.

प्राणवायू तुटला की मेंदूबरोबर हृदयाच्या स्नायूलाही मार बसतो. अशा बाळात बहुतेकदा रक्त कमी नसतं, ते ढकलणारा स्नायू दमलेला असतो. वार आधीच सुटली असेल, नाळेतून रक्त गेलं असेल, बाळ पांढरंफटक असेल, तर गोष्ट वेगळी. तिथं किलोमागे 10 मिली नॉर्मल सलाइन देणं आणि रक्त मागवणं बरोबरच. म्हणून प्रसूतीत काय घडलं ते आधी विचारा. डोपामिननंही आकडा चढतो, पण कधी कधी तो रक्तवाहिन्या आवळून चढतो आणि दमलेल्या हृदयावर ओझं वाढतं. औषध डॉक्टर ठरवतील. नेमकं काय दिसतंय, ते आपण सांगायचं.

माझा सगळ्यात जास्त आग्रह बीपी मोजायच्या कफसाठी. त्याची रुंदी दंडाच्या घेराच्या जवळपास निम्मी हवी. मोठा कफ बीपी खोटंच कमी दाखवतो, लहान कफ खोटंच जास्त. झटके येत असताना घेतलेल्या आकड्यावर विसंबू नका, बाळ शांत झाल्यावर पुन्हा घ्या. सोबत लघवी आणि लॅक्टेट बघा. मेंदूला जपण्यासाठी अशा बाळाला थंड ठेवतात, त्या थंडोपचारात शरीराचं तापमान 33.5 अंशांवर असतं, तेव्हा ठोके 100 च्या आसपास येतात, हातपाय गार लागतात. तेवढ्यानं घाबरू नका. 72 तासांनंतर हळूहळू ऊब देताना मात्र रक्तवाहिन्या सैल होतात, बीपी घसरू शकतं. त्या वेळी बाळाजवळून हलू नका.

छोट्या दवाखान्यांतल्या सिस्टरांना आणि डॉक्टरांना माझी विनंती आहे. चिठ्ठीवर नुसतं ‘बीपी लो’ लिहून बाळ पाठवू नका. जन्माची वेळ, बाळ कधी रडलं, सलाइन किती आणि किती वेळात दिलं, लघवी झाली का, साखर किती, हे सगळं लिहा. आणि निघण्याआधी फोन करा, म्हणजे इकोचं मशीन आम्ही तयार ठेवू.