पाहुण्यांच्या हाती सूप

सासरचं घर संगमेश्वर तालुक्यात. ह्यांनी नोकरी सोडल्यापासून आम्ही दोघं इथंच असतो. घर मात्र चार भावंडांचं, त्यामुळे मे उजाडला की दोघांची बारा माणसं होतात. २०२५च्या मेमध्ये मी मधेच चार दिवस मुंबईला जाऊन आले, आणि परतले त्याच आठवड्यात पाऊस येऊन बसला. त्या महिन्यात जे कळलं ते लिहून ठेवते.

१. मेमधल्या पाहुण्यांची चाहूल मार्चमध्येच लागते. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळायचं, नोव्हेंबर २०२४पासून ते ६० दिवसांवर आलं. सकाळी आठला आरक्षण सुरू होतं आणि बघता बघता प्रतीक्षायादी लागते. म्हणून जाऊबाईंचा फोन येतो तो 'तिकिटं मिळाली गं' असा, 'येऊ का' असा नाही. बरोबरच आहे म्हणा, स्वतःच्या घरी यायला कोण विचारतं!

२. घर चौघांचं असलं तरी विहीर एकच. मेच्या मध्याला आमचा पंप दहा मिनिटांत हवा ओढायला लागतो. पुण्याच्या पुतण्याने आल्या आल्या सुचवलं, "काकू, न्हाणीघरात शॉवर बसवून टाकू." मी काही बोलले नाही. त्याला विहिरीच्या काठावर नेलं आणि आत वाकून बघायला लावलं. तळाचा कातळ दिसत होता, एका कोपऱ्यात गुडघाभर पाणी. दुसऱ्या दिवसापासून त्याची आंघोळ एका बादलीत व्हायला लागली.

३. अढी पोरांच्या हाताला लागू देऊ नये. पिकला का बघायला पोरं प्रत्येक आंबा दाबतात आणि दाबलेला आंबा तिथंच काळा पडतो. वासाने ओळखा म्हटलं, तर सगळ्या आंब्यांना नाकं लागली. तेवढं चालतं.

४. यजमानीण बाईने वर्षातून एकदा दुसऱ्याकडे पाहुणी म्हणून जावं. पहिली माणसं आली, त्यांची घडी बसली, तेव्हा वन्सं म्हणाल्या, "जा तू ताईकडे, मी बघते इथलं." ताई दादरला राहते, नव्या इमारतीत, चौदाव्या मजल्यावर. तिने माझी चैन केली. भुयारी मेट्रो नुकतीच दादरवरून वरळीला आचार्य अत्रे चौकापर्यंत सुरू झाली होती, तिच्यातून उगाच जाऊन आलो. राणीच्या बागेत गेलो. तिथले पेंग्विन काचेपलीकडे गारव्यात डुंबत होते आणि तिकीट काढून आलेले आम्ही अलीकडे घामाने निथळत होतो. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. त्याला इंग्रज विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना त्याचे तुकडे झाले, मग ते जोडून त्याला मुंबईतच ठेवलं. त्याच्याकडे बघून मला आमचे दीर आठवले. दोन दिवसांसाठी म्हणून येतात.

तर सांगत काय होते, पहिले दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मला बसवेना. स्वयंपाकाच्या बाई आठला यायच्या आणि साडेनवाला ओटा पुसून जायच्या. कोथिंबीर संपली तर ताई फोनवर बोट फिरवायची, दहा मिनिटांत मुलगा दारात. मी ओट्याकडे वळले की ती म्हणायची, "तू बस गं, आराम कर." शेवटी म्हटलं, "ताई, काहीतरी निवडायला तरी दे." तिच्याकडे निवडण्यासारखं काही नव्हतंच. तांदूळ पाकिटातले, डाळ पाकिटातली, मेथीसुद्धा निवडून आलेली. मी खिडकीत बसून चौदा मजले खालची रहदारी बघत राहिले आणि लक्षात आलं, आमच्या पडवीत झोपाळ्यावर बसलेल्या पुतणसुनेचा चेहरा दुपारी असाच होतो. मी तिला म्हणत असते, "तू बस हो, दमून आलीस." ती आळशी आहे असा माझा समज होता. तिला सूप कुठे ठेवलंय हेच कधी कोणी दाखवलं नव्हतं.

५. म्हणून परत आल्यावर दाखवलं. (धाकट्या नातवाने सूप म्हटल्यावर वाटी आणली, ते वेगळं.) पावसाआधीची आगोटीची कामं पडलीच होती. रातांबे उतरवून झाले होते. ते फोडायचे, बिया काढायच्या, गरात मीठ घालून ठेवायचं आणि सुटलेल्या रसात सालं बुडवून उन्हात वाळवायची. पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. पाच-सहा पुटं चढली की आमसुलं काळीभोर होतात. दोनच पुटं झाली होती आणि २० मेच्या सुमारास पाऊस लागला. वळीव असेल, जाईल, असं हे म्हणत राहिले. २५ मेला मोसमी पाऊस तळकोकणात पोचल्याची बातमी आली, २६ला मुंबईत. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून!

सरपण अंगणात, मागच्या पडवीची कौलं अर्धी चाळलेली, आणि आमसुलं ओली. एरवी मी रडले असते. घरात अकरा माणसं होती. दिरांनी आणि पोरांनी सरपण आत ओढलं. पुतण्या शिडीवर उभा राहून ह्यांना कौलं देत होता, एका हाताने. दुसऱ्या कानाला ऑफिसची मीटिंग. आमसुलं चुलीभोवती मांडली तरी निम्म्यांना बुरशी आलीच, ती टाकली. उरलेल्या रातांब्यांना आता पुटं देण्यात अर्थ नव्हता. सून म्हणाली, "काकू, मग ह्याचं आगळच करू ना." घरातला हा निर्णय पहिल्यांदाच तिने घेतला. माजघरात चटया टाकून सगळ्याजणी बसल्या, कोपरापर्यंत हात लाल. वन्सं सासूबाईंच्या गोष्टी सांगत होत्या, त्यातल्या दोन तर मीही कधी ऐकल्या नव्हत्या.

६. साठं उन्हाशिवाय होत नाहीत. आंब्याचा रस आटवून बरण्यांत भरला. फणसाचं काहीच करता आलं नाही, बरका होता, गळून गेला.

७. बारा बाटल्या आगळ झालं. आठ मुंबई-पुण्याला गेल्या, चार इथं. त्यातली एक ताईला पाठवली, बरोबर पाच किलो न निवडलेले तांदूळ.

पुढच्या मेमध्ये कोकणात कोणाकडे जाणार असाल तर मार्चमध्ये तिकीट काढा, आणि दोन जुने कपडे जरूर न्या. रातांब्याचा डाग जात नाही.