वस्तीच्या स्मशानवाटेचा ठराव

पावसाळ्यात प्रेत खांद्यावर घेऊन गुडघाभर चिखल तुडवत, दुसऱ्याच्या बांधावरून जाऊ द्या म्हणून विनवत जायचं, ही वेळ महाराष्ट्रातल्या कित्येक दलित वस्त्यांवर आजही येते. गावच्या स्मशानाला शेड, हातपंप आणि सिमेंटचा रस्ता असतो. वस्तीच्या वाट्याला ओढ्याकाठचा उघडा तुकडा येतो, तोही कुणाच्या तोंडी हिशेबावर. गावातल्या अठरा ते पंचविशीतल्या मुलामुलींनी मनावर घेतलं तर हे काम ग्रामसभेच्या मार्गाने तडीस जाऊ शकतं. त्याची ही कृती आहे. वस्तीचे दिवे, नळ, गटार यांसाठीही हीच रीत चालते.

आधी थोडा इतिहास लक्षात ठेवावा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरीही 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर जाईपर्यंत तो ठराव कागदावरच होता. म्हणून इथे ठराव मंजूर करून घेण्याइतकाच त्याचा पाठपुरावाही सांगितला आहे.

लागणारं साहित्य थोडं आहे : शंभर पानी वही, लांब मोजपट्टी, गावची मतदार यादी, गावनकाशाची प्रत, अर्जासाठी कोरे कागद. माणसं सात-आठ पुरेत. पण ती सगळी एकाच वस्तीतली नसावीत. मुख्य गावठाणातली दोन-तीन मुलं आणि निदान तीन मुली असल्याच पाहिजेत. ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांनीच एकट्याने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, ही सवय मोडणं हा या कामाचाच भाग आहे.

पहिलं काम मतदार यादीचं. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो. नाव नसेल तर ठरावावर हात वर करता येत नाही. शिकायला किंवा नोकरीला पुण्या-मुंबईला गेलेल्यांनी आपलं नाव कुठे आहे ते बघून घ्यावं. नवमतदारांसाठी आता वर्षात चार पात्रता तारखा आहेत : 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाले की नमुना 6 आगाऊ भरता येतो. त्याहून लहान मुलांनी वाटेच्या मोजणीला यावं. त्यांची नजर तीक्ष्ण असते.

मग मोजणी. एका रविवारी सगळ्यांनी मिळून वस्तीच्या शेवटच्या घरापासून स्मशानापर्यंत चालत जावं आणि पट्टी टाकून अंतर मोजावं. ओढा कुठे आडवा येतो, पुरात पाणी कुठवर चढतं, वाट कुणाकुणाच्या जमिनीच्या गटातून जाते, सगळं वहीत उतरवावं. गेल्या पाच वर्षांत पावसाळ्यात किती मयतं झाली आणि तेव्हा काय हाल झाले, ते वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडून तारखेसह लिहून घ्यावं. मग तीच मोजणी गावच्या मुख्य स्मशानाची करावी. दोन्ही तक्ते एकाच पानावर शेजारी शेजारी लिहावेत. सभेत हे पान वाचून दाखवलं की ‘तुमच्याकडे काय कमी आहे’ हा प्रश्न कुणी विचारत नाही.

जागेची नोंद तलाठ्याकडे बघावी. स्मशानाचा तुकडा गायरानात आहे, सरकारी पडीक आहे की खाजगी गटात, हे सातबाऱ्यावरून कळतं. खाजगी गटातून वाट जात असेल तर त्या शेतकऱ्याच्या घरी सभेच्या कितीतरी आधी जावं. सोबत गावातला सर्वांना मान्य असलेला एखादा वडीलधारा घ्यावा. ‘काका, बैलगाडीएवढी वाट द्या, बांध आम्ही घालून देतो,’ असं बसून बोलावं. भर सभेत त्याचं नाव पुकारलं तर तो कायमचा विरोधात जातो. हो म्हणाला तर संमती लेखी घ्यावी.

यानंतर पैशाचा शोध. इथे बहुतेक तरुण मंडळं कच्ची पडतात, म्हणून जरा थांबून सांगतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. अनेक गावांत 15 टक्क्यांचा हिशेब कुणी विचारलेलाच नसतो. स्मशानशेड आणि स्मशानाच्या रस्त्यासाठी जिल्हा परिषदेची जनसुविधा योजना आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची, म्हणजे जुन्या दलित वस्ती सुधारची, योजना समाजकल्याण विभागाकडे असते. तिच्या बृहत आराखड्यात आपल्या वस्तीचं नाव आणि लोकसंख्या बरोबर आहे का, ते तपासावं. वित्त आयोगाच्या पैशातून काय मंजूर झालं आणि किती खर्च झाला, हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर मोबाईलवरूनही दिसतं.

15 टक्क्यांचा हिशेब ग्रामसेवकाकडे आधी तोंडी मागावा. ग्रामसेवकाचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे. मिळाला नाही तर माहिती अधिकारात अर्ज द्यावा. शुल्क दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा. म्हणून पाल्हाळ लावू नये : ‘मागील तीन आर्थिक वर्षांतील स्वउत्पन्न, त्यातील मागासवर्गीयांसाठीची 15 टक्के तरतूद व प्रत्यक्ष खर्च, कामनिहाय.’ उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते, त्यामुळे हा अर्ज सभेच्या किमान दोन महिने आधी जायला हवा.

सभेची नोटीस सात दिवस आधी लागते. तिच्यात आपला विषय छापून यावा यासाठी नोटीस निघण्यापूर्वीच सरपंचांच्या नावे लेखी अर्ज द्यावा. अर्ज दोन प्रतींत करावा आणि आपल्या प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्यावी. पोचेशिवाय दिलेला अर्ज हा न दिलेला अर्ज समजावा. ‘आयत्या वेळी घेऊ, अध्यक्षांच्या परवानगीने’ हे आश्वासन स्वीकारू नये. आयत्या वेळचे विषय लोक उठून गेल्यावर येतात.

ठरावाचा मसुदा आपणच लिहून न्यावा. ‘वस्तीच्या स्मशानभूमीकडे लक्ष द्यावे’ असा ठराव मंजूर होतो आणि त्यातून काहीही घडत नाही. मसुदा असा हवा : ‘असे ठरले की, मौजे अमुक येथील अमुक वस्तीपासून गट क्रमांक अमुकमधील स्मशानभूमीपर्यंत अमुक मीटर रस्ता, ओढ्यावर नळमोरी व स्मशानशेड ही कामे सन अमुकच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात घ्यावीत. जनसुविधा योजनेतून निधीसाठीचा प्रस्ताव अमुक तारखेपर्यंत पंचायत समितीकडे पाठवावा. तोपर्यंत मागासवर्गीयांच्या 15 टक्के निधीतून मुरूम टाकून वाट चालण्याजोगी करावी.’ अंतर, गट क्रमांक, योजनेचं नाव आणि तारीख, यातलं एकही गाळू नये. सूचक वस्तीतला आणि अनुमोदक गावठाणातला असावा. ही जोडी आधीच पक्की करावी.

नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. अनेक ठिकाणी ती रजिस्टरवर सह्या घेऊन उरकली जाते. गटातल्या मुलींनी दारोदारी जाऊन बायकांना तिथे आणावं आणि ठराव आधी त्या सभेत मांडावा. वस्तीतल्या बायकांना ही अडचण कुणी समजावून द्यावी लागत नाही.

सभेच्या दिवशी लवकर जाऊन पुढे बसावं. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा शंभर, यांपैकी कमी असेल तेवढी माणसं लागतात. ती भरली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे मोजक्या माणसांत सगळं उरकतं. तेव्हा आपल्या बाजूने साठ-सत्तर माणसं येतील अशी सोय पाहावी. उपस्थितीची सही करताना पान कोरं आहे की वर काही लिहिलं आहे, ते बघावं.

बोलायला एकच जण उभा राहावा आणि पाच मिनिटांत बसावा. मोजणीचं पान वाचावं, पैसा कुठून येईल ते सांगावं, मसुदा वाचून मंजुरी मागावी. सरपंच कोणत्या पार्टीचा, मागच्या निवडणुकीत कुणी काय केलं, हे तोंडातून निघू देऊ नये. कुणी जातीवरून टोमणा मारला तर आवाज चढवू नये, पण त्याचे शब्द आणि ऐकणाऱ्यांची नावं त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावीत. सामायिक स्मशान वापरायला अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला अडवणं हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. 2015 च्या दुरुस्तीने तो स्पष्ट शब्दांत आला. धमकी आली, वाळीत टाकण्याची भाषा झाली तर गटाने एकत्रच पोलीस ठाण्यात जावं. 14566 ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. हे पाऊल उचलायला घाबरू नये, आणि सौदा म्हणून ते वापरूही नये.

सभा संपली तरी उठू नये. प्रोसिडिंग बुकात ठराव आपल्या मसुद्याप्रमाणेच उतरला का, ते तिथेच वाचून घ्यावं. ‘चर्चा झाली’ एवढंच लिहिलं असेल तर ठराव झालेला नाही. ठराव क्रमांक टिपून घ्यावा आणि त्याच आठवड्यात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करावा.

पुढचे महिने कंटाळवाणे असतात. गट फुटतो तो इथेच. प्रस्ताव पंचायत समितीत गेला का, अंदाजपत्रक झालं का, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता कुठे अडली, हे दर महिन्याला एकाने जाऊन विचारावं. पाळी लावावी आणि उत्तर तारखेसह वहीत लिहावं. दोन महिने काहीच हललं नाही तर गटविकास अधिकाऱ्यांना लेखी द्यावं, पुढे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना, त्याही पुढे लोकशाही दिनात जावं. तक्रारी ऐकण्याचा हा दिवस तालुक्याला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याला पहिल्या सोमवारी असतो. काम सुरू झालं की तीच मोजपट्टी पुन्हा बाहेर काढावी आणि मंजूर लांबी-रुंदी पडताळावी. ठेकेदाराचं बिल निघण्याआधीच बोलावं.

ग्रामसभा वर्षातून किमान चार होतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ठरलेल्या तारखा. यातली जी दोन महिन्यांहून पुढे असेल ती धरा आणि येत्या रविवारी मोजपट्टी घेऊन वस्तीच्या शेवटच्या घरापासून चालायला लागा.