धर्मग्रामाचे उद्याचे चित्र कोण रेखाटणार?

लघु ख्रिस्ती समूहांसाठी अभ्यासपाठ
वाचने : नहेम्या 2:11-18 व 3:1-32, प्रेषितांची कृत्ये 6:1-7, लूक 14:28-30



आपल्या धर्मग्रामाचा पुढील पाच वर्षांचा आराखडा तयार करण्याचे पॅरिश कौन्सिलने मनावर घेतले आहे. चर्चमागच्या मोकळ्या जागेचे काय करावे, शाळेच्या जुन्या इमारतीचे काय करावे, मिस्सांच्या वेळा बदलाव्यात का, तरुणांसाठी काय, वृद्धांसाठी काय, असे अनेक प्रश्न समोर आहेत. ही उत्तरे शोधताना कोणाकोणाला विचारायचे आणि कसे विचारायचे, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

एक आठवण सांगतो. मी लहान असताना एका धर्मग्रामात मोठ्या हौसेने सभागृह बांधले गेले. लोकांनी पोटाला चिमटा काढून देणग्या दिल्या. सभागृह पहिल्या मजल्यावर होते. उद्घाटनाच्या दिवशी माझी आजी जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसली होती. तिच्यासारख्या आणखी आठ-दहा जणी होत्या. वर भाषणे चालू होती आणि त्यात ज्येष्ठांच्या आशीर्वादाचा उल्लेखही झाला. तो जिना कोणी वाईट हेतूने बांधला नव्हता. आजीला विचारायचे राहून गेले, एवढेच. पण पुढे ती असेपर्यंत त्या सभागृहात एकदाही गेली नाही.

1. आपण स्वतः काय मागितले होते?

आपण वसईची माणसे. 3 जुलै 2009 रोजी चार नगरपालिका आणि 53 गावे एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. त्यानंतर गावे वगळावीत म्हणून किती मोठे आंदोलन झाले, हे आपल्याला ठाऊक आहे. गावे महापालिकेत असावीत की नसावीत, यावर आपल्यातही मतभेद होते आणि आहेत. पण त्या मागणीच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती : आमच्या गावाचे भवितव्य आम्हाला विचारल्याशिवाय ठरवू नका. 2016 साली मुंबई महानगर प्रदेशाच्या विकास आराखड्याचा मसुदा आला, तेव्हाही वसईतून हजारो हरकती गेल्या. आपल्या वाड्या, विहिरी, बावखले नकाशावर कोणत्या रंगात रंगवली आहेत, हे लोकांनी वाकून वाकून पाहिले.

जे आपण सरकारकडे मागितले, ते आपल्या धर्मग्रामात आपण एकमेकांना देतो का? हा प्रश्न मनाला टोचणारा आहे. आराखडा कौन्सिलच्या खोलीत तयार व्हायचा आणि मिस्सेनंतरच्या सूचनांमध्ये वाचून दाखवायचा, असे झाले तर आपल्यात आणि ज्यांच्याविरुद्ध आपण हरकती लिहिल्या त्यांच्यात फरक तो काय राहिला?

2. पवित्र शास्त्र काय शिकवते?

नहेम्या यरुशलेमला आला तेव्हा तट ढासळलेला होता आणि वेशी जळालेल्या होत्या. त्याने लगेच सभा बोलावली नाही. तीन दिवस थांबून तो रात्री थोड्या माणसांसह बाहेर पडला आणि पडझड स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आला. त्यानंतरच त्याने लोकांना बोलावून त्यांच्यासमोर परिस्थिती मांडली. तिसरा अध्याय आपण बहुधा नुसती नावांची यादी म्हणून ओलांडून जातो. तो सावकाश वाचावा. त्यात याजक आहेत, सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये बनवणारा आहे. शल्लूम नावाच्या अधिकाऱ्याबरोबर त्याच्या मुलीही काम करत आहेत. कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा तट बांधला, असे तिथे पुन्हा पुन्हा येते. तकोवाच्या प्रतिष्ठितांनी मात्र कामाला खांदा दिला नाही, हेही लपवलेले नाही. तरी तट 52 दिवसांत पूर्ण झाला (नहेम्या 6:15). स्वतःच्या दारासमोरचा तट माणूस मनापासून बांधतो, कारण तो कोसळला तर काय होईल हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

प्रेषितांच्या कृत्यांतील सहावा अध्याय तक्रारीने सुरू होतो. रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवांची उपेक्षा होत होती. बारा प्रेषितांनी ही कुरकुर दडपली नाही आणि बंद दाराआड निर्णयही घेतला नाही. त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलावले आणि सात जण निवडण्यास सांगितले. स्तेफन, फिलिप आणि इतर पाच जण निवडले गेले. ती सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या बाजूने तक्रार आली होती, त्यांच्यातल्याच माणसांवर समुदायाने विश्वास टाकला असावा. आणि निवड झाल्यावर प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. लोकांनी निवडले आणि प्रेषितांनी नेमले. दोन्ही गोष्टींना आपापले स्थान आहे.

3. ख्रिस्तसभा काय सांगते?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात देवाच्या प्रजेचे प्रकरण धर्माधिकाऱ्यांच्या प्रकरणाआधी ठेवले. आधी आपण सारे स्नानसंस्काराने एक प्रजा, मग त्या प्रजेत वेगवेगळ्या सेवा. 1983 च्या धर्मविधानातील कलम 212 म्हणते की, ख्रिस्तसभेच्या हिताविषयी आपले मत धर्माधिकाऱ्यांना कळवण्याचा प्रापंचिकांना हक्क आहे आणि प्रसंगी ते त्यांचे कर्तव्यही ठरते. मात्र तेथे आदर राखला पाहिजे आणि सर्वांच्या हिताचा विचार हवा. कलम 537 नुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थविषयक समिती असलीच पाहिजे. पालकीय मंडळाविषयीचे कलम 536 त्याला सल्ला देण्याचा अधिकार देते. अंतिम निर्णयाची जबाबदारी प्रमुख धर्मगुरूंकडे राहते.

2021 साली पोप फ्रान्सिस यांनी एकत्र वाटचाल करणाऱ्या ख्रिस्तसभेविषयीच्या सिनडची सुरुवात केली, तेव्हा जगभरच्या धर्मग्रामांतून लोकांचे म्हणणे मागवले गेले. 26 ऑक्टोबर 2024 रोजी मंजूर झालेल्या अंतिम दस्तऐवजात अशी मंडळे सर्वत्र अनिवार्य व्हावीत, असा आग्रह धरला आहे. तेथे आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. निर्णय घेण्याचा धर्माधिकाऱ्यांचा अधिकार कायम आहे. पण योग्य रीतीने झालेल्या विचारविनिमयातून जी दिशा पुढे येते, तिच्याकडे त्यांना डोळेझाक करता येत नाही. म्हणजे 'फादर शेवटी आपलेच करणार' असे म्हणून घरी बसायला आपल्याला जागा नाही, आणि 'आम्ही विचारले होते ना' असे म्हणून मोकळे व्हायला कौन्सिललाही जागा नाही.

4. कोणाला विचारायचे राहून जाते?

सभेला येतात ते बहुधा ठरलेले चेहरे. जे येत नाहीत, त्यांची आठवण करू या. पहाटेच्या लोकलने जाऊन रात्री नऊला परतणारे तरुण-तरुणी. घर, वाडी आणि नोकरी सांभाळणारी सून, जी सभेच्या वेळी स्वयंपाकघरात असते. परदेशी गेलेल्या मुलांचे एकटे राहिलेले आईवडील. पाड्यावरची आदिवासी कुटुंबे, ज्यांना आपण सणाला भेटवस्तू देतो पण मत विचारत नाही. नव्या इमारतींत राहायला आलेली ख्रिस्ती कुटुंबे, ज्यांना आपण अजून 'बाहेरचे' म्हणतो. आणि ज्यांचे काही वर्षांपूर्वी चर्चशी बिनसले ते लोक. त्यांच्याकडे बहुधा सांगण्यासारखे सर्वांत जास्त असते.

धर्मग्रामाच्या हद्दीत आपले हिंदू आणि मुस्लिम शेजारीही राहतात. आपल्या शाळेत त्यांची मुले शिकतात, आपल्या मिरवणुका त्यांच्या दारावरून जातात. चर्चमागच्या जागेचा विचार करताना पाण्याचा निचरा कुठे होईल, हे कदाचित तेच आपल्याला नेमके सांगतील.

5. कसे विचारायचे?

याबाबत गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे छोटेसे गोंड आदिवासी गाव आपल्याला काही शिकवू शकेल. 2009 साली या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात. अभ्यासगटात एखादा विषय समजून घेतात, बाहेरच्या जाणकारांनाही बोलावतात, पण तिथे निर्णय घेत नाहीत. निर्णय ग्रामसभेत होतो आणि तोही सर्वांच्या सहमतीने. कोणाचे मन वळले नसेल तर चर्चा पुढे चालू राहते. त्यामुळे बहुमताने हरलेला गट गावात तयार होत नाही. आपली रचना वेगळी आहे, हे खरे. पण आधी अभ्यास आणि मग निर्णय, ही शिस्त आपण नक्की घेऊ शकतो. त्यासाठी चार पायऱ्या सुचवत आहे.

पहिली, पाहणी. प्रत्येक समूहाने आपल्या आळीचा नकाशा मोठ्या कागदावर काढावा. कुलूपबंद घरे, एकट्या वृद्धांची घरे, भाडेकरूंची घरे, विहिरी, बावखले, चर्चला येण्याची वाट, पावसात तुंबणारी जागा हे सारे त्यावर दाखवावे. हे काम एका आजोबांनी आणि एका शाळकरी नातवाने मिळून करावे.

दुसरी, घरभेट. सभेला बोलावण्याऐवजी दोघा-दोघांनी घरी जावे आणि तीनच प्रश्न विचारावेत. आपल्या धर्मग्रामातील कोणती गोष्ट टिकलीच पाहिजे? कोणत्या गोष्टीचा तुम्हाला त्रास होतो? पाच वर्षांनी तुमच्या घरातील कोण इथे असेल आणि त्याला काय लागेल? उत्तर सामवेदीत आले, वाडवळीत आले, तर तसेच लिहून घ्यावे. शुद्ध मराठीत उतरवताना माणसाचे दुखणे निसटते.

तिसरी, अभ्यास. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशूने सांगितले आहे. धर्मग्रामाकडे पैसा किती, दरवर्षीचा खर्च किती, जमिनीची कागदपत्रे काय सांगतात, कोणत्या गोष्टीला धर्मप्रांताची परवानगी लागते, ही माहिती सोप्या भाषेत प्रत्येक समूहाकडे जावी. माहिती न देता मत मागणे म्हणजे डोळे बांधून रस्ता विचारण्यासारखे आहे.

चौथी, परत सांगणे. ही पायरी आपण नेहमी विसरतो. लोकांनी काय सांगितले, त्यातले काय स्वीकारले, काय स्वीकारता आले नाही आणि का नाही, हे फलकावर लावावे व मिस्सेनंतर वाचून दाखवावे. नकार पचवता येतो. एकदा मनातले सांगितल्यावर त्याचे पुढे काय झाले हेच कळले नाही, तर मात्र माणूस दुसऱ्यांदा बोलत नाही.

6. 'विचारले की भांडणे होतात'

हा आक्षेप आपण नेहमी ऐकतो, आणि तो खोटा नाही. विचारले की जुने हेवेदावे वर येतात, एका आळीला एक हवे असते आणि दुसरीला दुसरे. पण न विचारल्याने भांडणे मिटत नाहीत. ती ओट्यावर, लग्नात आणि दफनभूमीच्या वाटेवर चालू राहतात. प्रेषितांच्या काळीही कुरकुर होतीच. ती सर्वांसमोर येऊ दिली म्हणून तिच्यातून सेवेची एक नवी वाट निघाली आणि देवाचे वचन वाढत गेले, असे तोच अध्याय सांगतो. वेळ लागेल. सहा महिन्यांचे काम वर्षावर जाईल. पण ज्या कामाविषयी आपल्याला विचारले होते, त्यासाठी श्रमदानाला हाका माराव्या लागत नाहीत.

आपली मुले दूर जात आहेत, वाड्या कमी होत आहेत, घरांना कुलपे लागत आहेत. हे थांबवणे सर्वस्वी आपल्या हाती नाही. पण जे राहणार आहेत आणि जे नव्याने येणार आहेत, त्यांना हे घर आपले वाटावे, एवढे तर आपल्या हाती आहे.

समूहात चर्चेसाठी

1. नहेम्याप्रमाणे आपण आपल्या आळीतून एक फेरी मारली, तर पडझड कुठे दिसेल?
2. आपल्या समूहातील कोणत्या तीन घरांत गेल्या वर्षभरात कोणी गेले नाही? तिथे कोण जाईल आणि कधी?
3. आपल्याला न विचारता झालेल्या एखाद्या निर्णयाने आपण दुखावलो आहोत का? आपण स्वतः कोणाला न विचारता निर्णय घेतला आहे का?
4. स्वतःच्या दारासमोरचा कोणता 'तट' आपण बांधायला घेऊ?

प्रार्थना

हे प्रेमळ पित्या, तू आम्हाला एका कुटुंबात बोलावले आहेस. आमच्यात जे मोठ्याने बोलतात त्यांना ऐकण्याची कृपा दे, आणि जे गप्प राहतात त्यांना बोलण्याचे धैर्य दे. जिन्याच्या पायथ्याशी बसलेल्यांचा आम्हाला विसर पडू देऊ नकोस. तुझ्या पवित्र आत्म्याने आमच्या धर्मग्रामाला वाट दाखव. आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे. आमेन.