शंका-समाधान : ‘बाळ मोठं आहे’ म्हणतात…

या महिन्यातल्या पत्रांत एकच काळजी पुन्हा पुन्हा आली, म्हणून बाकीचे विषय मागे ठेवून त्याच पत्रांना उत्तरं देते. पत्रं थोडी कापली आहेत.

प्रश्न : मला अडतिसावा आठवडा सुरू आहे, पहिलीच वेळ. परवाच्या सोनोग्राफीत बाळाचं वजन ३.८ किलो आलं. माझी उंची पाच फूट, शुगर नॉर्मल. तपासताना मॅडम सहज म्हणाल्या, ‘बाळ चांगलंच हेल्दी आहे हं!’ तेव्हापासून चाळीत सगळ्यांनी माझं सिझर ठरवूनच टाकलंय. रात्र रात्र झोप नाही. नॉर्मल होईल का? — एक वाचक, नालासोपारा पूर्व

उत्तर : तुम्हाला तपासल्याशिवाय ‘होईल’ किंवा ‘नाही’ म्हणणं बरं नव्हे. पण ३.८ या आकड्याने झोप घालवू नका, हे मात्र खुशाल सांगते.

सोनोग्राफीचं मशीन वजन करत नाही. ते बाळाच्या डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजतं. मग हॅडलॉक नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी १९८०च्या दशकात बसवलेल्या सूत्रात ती मापं घालून ग्रॅम काढतं. पाचूबंदरच्या बाजारात तराजूला हात न लावता, माशाची लांबी-जाडी बघून वजन सांगावं, तसाच हा अंदाज. सांगणारी मुरलेली असली तर जवळपास पोचते, इतकंच.

त्यातही पोटाचा घेर सगळ्यात दगा देतो. बाळाचं जठर काळ्या ठिपक्यासारखं आणि यकृतातली शीर वळलेली दिसेल असाच आडवा छेद पडद्यावर धरायचा आणि कातडीच्या कडेने गोल बसवायचा. शेवटच्या महिन्यात पाणी कमी झालेलं, बाळाने पाठ फिरवलेली, बाहेर बाकावर बायका ताटकळलेल्या. गोल सेंटीमीटरभर सैल बसला तरी दोनेकशे ग्रॅम वाढतात. म्हणून या वजनात १० ते १५ टक्के इकडेतिकडे धरूनच चालायचं. १० टक्के धरले तरी तुमचं ३.८ म्हणजे ३.४ ते ४.२ मधलं काहीतरी. बाळ मोठं असलं की अंदाज आणखी चुकतो.

आपल्याकडे जन्माचं सरासरी वजन २.८ किलोच्या आसपास, म्हणून ३.८ ऐकलं की सगळे दचकतात. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना मधुमेह नसलेल्या आईला केवळ वजनापायी सिझरचा विचार ५ किलोच्या पुढे सुचवते, मधुमेह असल्यास ४.५ च्या पुढे. आपल्या बायकांची चण लहान, तेव्हा तो आकडा इथे जसाच्या तसा लावावा असं माझं म्हणणं नाही. तरी ३.८ त्यापासून बरंच लांब आहे. १९९६ साली अमेरिकेत हिशोब मांडला गेला, की मधुमेह नसताना ४.५ किलोचा अंदाज आला म्हणून सरसकट सिझर करायचं ठरवलं, तर खांदा अडकून एका बाळाच्या हाताला होणारी कायमची इजा टाळायला ३,७०० च्या आसपास सिझर करावी लागतील.

उंचीवरून काही ठरत नाही. बाळाच्या डोक्याची हाडं एकमेकांवर सरकतात, आईच्या कटीचे सांधे सैलावतात. डोकं उतरतंय का, पिशवीचं तोंड उघडतंय का, हे कळा सुरू झाल्यावरच कळतं.

मला खटकतं ते वेगळंच. सारख्याच वजनाची बाळं घेतली, तरी ज्यांच्याबद्दल आधी ‘मोठं’ म्हटलं गेलं त्यांच्या आयांची सिझर जास्त होतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आकडा डोक्यात बसला की डॉक्टरांचा धीर लवकर सुटतो, आईचा त्याहून लवकर. म्हणून पुढच्या तपासणीला सरळ विचारा : वजन सोडून सिझरचं दुसरं काही कारण आहे का? कळा आपसूक येण्याची वाट कधीपर्यंत बघायची? दुसरं मत हवं असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर फुकट तपासणी असते. आणि चाळीत आकडा सांगू नका. ‘सगळं ठीक आहे’ एवढं पुरतं.

प्रश्न : सव्विसाव्या आठवड्यात माझी शुगर वाढलेली निघाली. आता छत्तिसावा आहे, इन्सुलिन चालू आहे. बाळाचं पोट ‘पुढे’ आहे म्हणतात. आई दर आठवड्याला सुकेळी पाठवते, ती फळंच आहेत म्हणून खाते. चालेल का? — एक वाचक, गास

उत्तर : नाही चालणार. राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी म्हणजे आटवलेली साखरच. आपल्या वसईचा मेवा आहे, मलाही आवडतो, पण बाळंतपणापर्यंत डबा आईकडेच राहू दे.

आधीच्या पत्रलेखिकेला दिलेला दिलासा तुम्हाला तसाच देता येत नाही. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतः जादा इन्सुलिन करतं आणि ती साखर चरबी होऊन पोटावर, खांद्यांवर बसते. डोकं नेहमीएवढं, खांदे रुंद. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला, ही भीती अशा बाळांत जास्त. म्हणून तुमच्यासारख्या आईसाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत अंदाजे वजन ४ किलोच्या वर गेलं तर ३९व्या आठवड्यात सिझरचा विचार करावा असं म्हटलं आहे. ते झालंच तर तुमचं काही चुकलं असं मनात आणू नका.

पण अजून तीन-चार आठवडे आहेत, आणि चरबी बसण्याचे हेच आठवडे. उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत, हे धरून ठेवा. भात बंद करू नका, वाटी ठरवा. आधी भाजी, डाळ, मासे, मग भात. जेवण झालं की लगेच आडवं न होता दहा-पंधरा मिनिटं अंगणात फिरा. बाळ झाल्यावर तासाभरात अंगावर पाजा, कारण त्याची साखर एकदम उतरू शकते. टाचेतून थेंबभर रक्त घेऊन ती तपासतील, त्याने घाबरू नका. तुमची स्वतःची तपासणी सहा आठवड्यांनी पुन्हा. बाळाच्या गडबडीत नेमकी हीच राहून जाते.

प्रश्न : सुनेला नववा लागलाय. बाळ मोठं आहे ऐकल्यापासून तिने रात्रीचं जेवण सोडलं. मी म्हणते दोन जिवांचं खायचं, तूप घ्यायचं, म्हणजे बाळ सुटायला सोपं. ती ऐकत नाही. तुम्हीच समजवा. — एक सासूबाई, विरार पश्चिम

उत्तर : सासूबाई, निम्मं तुमचं बरोबर आहे. रात्रीचं जेवण सोडणं वाईटच. उपाशी राहून मोठं बाळ लहान होत नाही, आईच गळून जाते, तीही ऐन कळा सोसायच्या वेळी. आपल्याच पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे कमी वजनाची बाळं हा वर्षानुवर्षांचा प्रश्न आहे. तिथली आई जे मिळावं म्हणून झगडते, ते विरारच्या सुनेने आकड्याच्या धसक्याने टाकून द्यावं का?

निम्मं मात्र पटत नाही. तूप पोटात जातं, बाळाच्या वाटेवर नाही. दोन जिवांचं म्हणजे दुप्पट नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९०च्या दशकापासून आसपासच्या खेड्यांतल्या माता-बाळांचा अभ्यास केला. तिथली पूर्ण दिवसांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ ची. तरी हातपाय काटकुळे असून आपल्या बाळांच्या अंगावर चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. तेव्हा नुसत्या किलोवर काही ठरवू नये. सुनेला पोळी, वरण, भाजी, अंडं किंवा मासे, ताक असं साधं जेवण वेळेवर द्या. डिंकाचे लाडू बाळंतपणानंतर. आणि पोटाकडे बघून ‘केवढं मोठं दिसतंय’ म्हणणाऱ्या शेजारणींना दारातच थांबवायचं काम तुमच्याइतकं चांगलं कोणी करणार नाही.

प्रश्न : बायकोला ३७वा आठवडा आहे, शुगर नाही, अंदाज ३.५ किलो. आणखी वाढण्याआधी दुखणं सुरू करून घ्यावं का? गुरुवारी मुहूर्तही चांगला आहे. आणि खांदा अडकला तर काय करतात? — एक वाचक, नायगाव

उत्तर : गुरुवार जाऊ द्या. दुसरं काही कारण नसेल तर ३९ आठवड्यांआधी घाई नको. तुमची शंका अगदीच वावगी नाही. २०१५ साली युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात लवकर कळा आणल्यावर खांदा अडकण्यासारखे प्रकार ६ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आले, पण जास्त बाळांना काविळीसाठी दिव्याखाली ठेवावं लागलं. २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या २,८९३ बायकांच्या अभ्यासात अडतिसाव्या आठवड्यात कळा आणलेल्यांत प्रमाण २.३ टक्के, वाट बघितलेल्यांत ३.१. सगळ्यांना एकत्र धरलं तर हा फरक ठाम म्हणण्याजोगा नव्हता. शिवाय ती बाळं तिथल्या मापाने मोठी होती. तुमच्या ३.५ ला मी काहीच करणार नाही.

खांदा अडकणं अवचित येतं, आणि निम्म्या वेळा ४ किलोच्या आतल्या बाळांतच. तेव्हा आईच्या दोन्ही मांड्या पोटाशी घट्ट दुमडतात आणि एक जण ओटीपोटावर, जघनाच्या हाडाच्या जरा वर दाब देतो. बहुतेकदा तेवढ्याने खांदा सुटतो. वरून, छातीखालून पोट ढकलणं मात्र घातक, तसं कोणी करू लागलं तर थांबवा.

म्हणून वजनापेक्षा जागेची चौकशी करा. रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? बालरोगतज्ज्ञ हजर असतात का? रक्ताची सोय कुठे? महामार्गावर गाड्या तुंबल्या तर नायगावहून पोचायला किती वेळ लागेल? दिवस पावसाळ्यात भरत असतील तर हे आधीच ठरवा. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली तेव्हा लोकलही बंद होत्या. कळा दर पाच मिनिटांनी येईपर्यंत घरी थांबायचा सल्ला अशा दिवशी पाळू नका, पाणी साचायला लागलं की निघा. १०८ चा नंबर दोघांच्याही फोनमध्ये असू द्या, आणि तिची फाईल व रक्तगटाचा कागद पिशवीत अगदी वर ठेवा.