पूरकाठची उपजीविका आणि सम्यक् आजीविका

पुणे शहराने १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचा प्रलय सोसला. कृष्णा-पंचगंगेच्या काठी मात्र महापूर ही एकदाच घडून गेलेली आपत्ती नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील अनेक गावे पाण्याखाली गेली. अशा गावांतील कुटुंबे आपला चरितार्थ कसा सांभाळतात, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

शिरोळ तालुक्याचे उदाहरण घेऊ. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या नद्यांच्या गाळाने तेथील जमीन कसदार झाली आहे. साखर कारखाने जवळ असल्याने उसाची लागवड मोठी. परंतु शेंडा बुडून पाणी अनेक दिवस ओसरले नाही, तर ऊस कुजतो. पीक जाते आणि सोसायटीचे कर्ज तेवढे उरते. म्हणून घरोघरी जोडधंदा दिसतो. कोणी दूध संस्थेला दूध घालतो, कोणी इचलकरंजीच्या यंत्रमागावर वा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत जातो. स्त्रिया शेळ्या पाळतात, शिवणकाम करतात, बचत गट चालवितात.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानी घ्यावा. उत्पन्नाची साधने अनेक असली, म्हणजे कुटुंब सुरक्षित झाले असे नव्हे. म्हशीची वैरण त्याच शिवारातून येते, शेतमजुरी त्याच उसावर अवलंबून असते आणि गावातील दुकानाची उधारीही त्याच मजुरीतून फिटते. पूर आला की ही सर्व साधने एकाच वेळी बुडतात. एक साधन थांबले असता दुसरे चालू राहणे, हाच विविधतेचा खरा अर्थ होय.

भूमिहीनांची स्थिती अधिक बिकट आहे. पिकाची नुकसानभरपाई सातबाऱ्यावरील नावाला मिळते. बुडालेल्या रोजगाराचा सातबारा नसतो. जमीनधारकाला जोडधंदा हा आधार असतो, भूमिहीनाला मात्र मिळेल ते काम पत्करावे लागते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवरील आपल्या निबंधात या प्रश्नाचे मूळ दाखविले होते. शेतीवर गरजेपेक्षा अधिक माणसांचा भार आहे; केवळ जमिनीचे तुकडे जोडून तो हलका होणार नाही, औद्योगिकीकरणाने शेतीबाहेर काम निर्माण झाले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. शिक्षण हे त्या कामाकडे नेणारे साधन आहे आणि पुराच्या पाण्याला ते बुडविता येत नाही.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा आपत्काळासाठी. ज्याचे हातावरचे पोट आहे, त्याला चौथा भाग एकट्याने राखणे कठीण. तेथे बचत गट, सहकारी संस्था व शासन यांनी उभे राहिले पाहिजे. त्याचबरोबर शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य व विष यांचा व्यापार वर्ज्य मानणारी सम्यक् आजीविका, संकटातही मार्ग सोडू नये, हे शिकविते.

विद्यार्थ्यांनी सुट्टीत घरी गेल्यावर कुटुंबाच्या उत्पन्नाची सर्व साधने वहीत लिहावीत. गावात पंधरा दिवस पाणी राहिले, तर त्यांतील कोणते थांबेल आणि कोणते चालेल, हे प्रत्येकापुढे नोंदवावे. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर तो कसा भरावयाचा, याची चर्चा वडीलधाऱ्यांशी करावी. पूर येण्यापूर्वी करावयाचा अभ्यास तो हाच.