एका मूळ संख्येची कसोटी

ज्या संख्येला १ आणि ती संख्या स्वतः यांवाचून दुसरा विभाजक नसतो, तिला मूळ संख्या म्हणतात. ७ ही संख्या मूळ आहे, हे कोणीही क्षणात सांगेल. परंतु संख्या जसजशी मोठी होत जाते, तसतशी ही पारख कठीण होते.

बुद्धिबळाच्या पटावरील धान्याची गोष्ट सर्वश्रुत आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी दुप्पट करीत जावे. दोन घरांतील दाण्यांची बेरीज ३, तीन घरांतील ७ आणि पाच घरांतील ३१ भरते. २, ३, ५ या संख्या मूळ, आणि बेरजाही मूळ! मग घरांची संख्या मूळ असली की बेरीजही मूळच येत असेल काय? नाही. अकरा घरांची बेरीज २०४७ होते. आणि २३ ला ८९ ने गुणले असता नेमके २०४७ येतात. चार-दोन उदाहरणे जुळली म्हणजे नियम सिद्ध होत नाही.

एकतीस घरांची बेरीज २,१४,७४,८३,६४७ होते. मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ साली ती मूळ संख्यांच्या आपल्या यादीत घातली. पण त्याच यादीतील सदुसष्ट घरांची बेरीज पुढे विभाज्य ठरली. तेव्हा यादी म्हणजे पुरावा नव्हे.

तो पुरावा लेओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाने १७७२ साली दिला. त्या वेळी तो रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे राहत होता. त्याची दृष्टी जवळजवळ पूर्णपणे गेली होती. बुद्धी मात्र तितकीच तेजस्वी होती. एखादी संख्या विभाज्य असेल, तर तिचा एक तरी मूळ विभाजक तिच्या वर्गमुळाहून मोठा नसतो. येथे वर्गमूळ ४६,३४० हून किंचित अधिक आहे. तेथवरच्या मूळ संख्याच चार हजार सातशेंहून अधिक! इतके भागाकार कोणी करावेत? ऑयलरने आधी विचार केला. या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ हीच बाकी उरली पाहिजे, असे त्याने दाखविले. मग तपासावयाच्या संख्या चारशेंहूनही कमी उरल्या. त्यांपैकी एकीनेही निःशेष भाग गेला नाही. संख्या मूळ ठरली.

अशा मूळ बेरजेचा आणखी एक गुण आहे. तिला शेवटच्या घरातील दाण्यांनी गुणावे. ३ ला २ ने गुणून ६, ७ ला ४ ने गुणून २८ मिळतात. ६ चे स्वतःखेरीज विभाजक १, २, ३. त्यांची बेरीजही ६ च! अशा संख्येस परिपूर्ण संख्या म्हणतात. ऑयलरच्या संख्येपासूनही अशीच एक परिपूर्ण संख्या मिळते. १८११ साली पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहिले, की याहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधीच सापडणार नाही. जिचा उपयोग नाही, ती शोधणार कोण? परंतु १८७६ साली एदुआर लुका याने एकशे सत्तावीस घरांची, ३९ अंकी बेरीज मूळ असल्याचे सिद्ध केले. २०२४ साली तर संगणकांच्या साहाय्याने चार कोटींहून अधिक अंकांची मूळ संख्या सापडली.

उपयोगाची वाट न पाहता सत्याचा शोध घेणारी माणसे असतात, म्हणूनच ज्ञानाची सीमा पुढे सरकते.

स्वाध्याय
१. २०४७ या संख्येच्या उदाहरणावरून कोणता बोध होतो?
२. ऑयलरने आपले श्रम कसे वाचविले?
३. २८ ही परिपूर्ण संख्या आहे, हे पडताळून पाहा.